देश सोडताना बँकखात्यांचे काय करायचे?

नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस ज्या दिवशी भारतातून निघतो, त्या दिवसापासून आपले नेहमीचे बचत खाते आहे त्या स्वरूपात चालवण्याचा अधिकार त्याला उरत नाही. खात्यातले पैसे त्याचेच असतात, खातेही त्याचेच असते, फक्त 'निवासी' या सदराखाली ते ठेवता येत नाही. आपण देश सोडला हे बँकेला आपोआप कळण्याचा मार्ग नसल्यामुळे ती याची आठवण करून देत नाही. ते कळवणे खातेदाराचे काम आहे. तरीही आठ-आठ, दहा-दहा वर्षे जुनेच खाते तसेच चालवणारी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे तोवर काही बिघडत नाही, आणि मग एक दिवस वडिलोपार्जित घर विकले जाते, मोठी रक्कम खात्यात येते, ती परदेशी न्यायची वेळ येते आणि सगळी जुनी थकलेली कागदपत्रे एकदम समोर उभी राहतात.

गोंधळाचे मूळ असे आहे की 'अनिवासी' या एकाच शब्दाच्या दोन कायद्यांत दोन वेगळ्या व्याख्या आहेत. बँकखात्यांना लागू होतो तो परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे 'फेमा'. तो १९९९ साली संमत झाला आणि १ जून २००० पासून अमलात आला. हा कायदा मुख्यतः हेतू पाहतो: माणूस नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळासाठी राहण्याच्या उद्देशाने बाहेर गेला असेल, तर तो गेल्या दिवसापासून अनिवासी ठरतो. प्राप्तिकराचा कायदा मात्र मुक्कामाचे दिवस मोजतो. समजा, एखादी व्यक्ती नोकरी लागून १ नोव्हेंबरला निघाली. बँकेच्या दृष्टीने ती त्याच दिवशी अनिवासी झाली, पण १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर हे २१४ दिवस भारतात काढल्यामुळे त्या वर्षापुरती ती प्राप्तिकरासाठी निवासीच राहते आणि परदेशातल्या पहिल्या पाच महिन्यांचा पगारही तिला भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. 'मी अजून वर्षभर निवासीच आहे, मग खाते बदलायचे कशाला?' हा प्रश्न या दोन व्याख्यांची सरमिसळ झाल्यामुळे पडतो. शिक्षणासाठी जाणाऱ्यांबद्दलही शंका असे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये परिपत्रक काढून परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थीही फेमाखाली अनिवासी मानले जातील, असे स्पष्ट केले. सहलीला, लेकीकडे बाळंतपणासाठी किंवा कार्यालयाच्या कामाने काही आठवडे जाणाऱ्यांना यातले काही लागू नाही.

फेमाच्या उल्लंघनासाठी संबंधित रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्येक विस्मरणावर तो बसतो असे नाही, पण नियम किती गंभीरपणे घ्यायचा हे त्यावरून समजावे.

आता खात्यांकडे येऊ. एनआरई, एनआरओ, एफसीएनआर ही अनिवासींच्या खात्यांची नावे एका दमात ऐकली की माणूस गांगरतो. पण यामागचे तत्त्व एकच आहे: पैसा कुठे कमावला? भारतात निर्माण झालेला पैसा एनआरओ खात्यात जातो आणि परदेशात कमावलेला एनआरई खात्यात. निघण्यापूर्वी खात्यात असलेली शिल्लक, फ्लॅटचे भाडे, शेअरचा लाभांश, निवृत्तिवेतन, जमिनीच्या विक्रीची रक्कम, हे सगळे एनआरओचे. तिकडच्या पगारातून आपण पाठवलेले डॉलर, पौंड किंवा दिरहम रुपयांत बदलून जमा होतात ते एनआरईत. म्हणूनच आपले आजचे बचत खाते एनआरओमध्ये रूपांतरित होते, एनआरई मात्र नव्याने उघडावे लागते. दोन्ही खाती रुपयांतच असतात, दोन्हींतून भारतातले व्यवहार करता येतात, पण पैसे परत बाहेर न्यायची वेळ आली की त्यांच्यातला फरक कळतो. एनआरईतली मुद्दल आणि व्याज कोणत्याही मर्यादेशिवाय परदेशी नेता येते. एनआरओतून, भाडे-लाभांश-निवृत्तिवेतनासारखे चालू उत्पन्न सोडले तर, एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १० लाख डॉलर, आणि तेही कर भरल्याचे फॉर्म व चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र जोडून.

येथे एक चूक फार वेळा होते. एनआरईतून एनआरओत पैसे वळवायला काही आडकाठी नाही, त्यामुळे लोक सोयीसाठी सहज वळवतात. मात्र एकदा ते एनआरओत गेले की त्यांचा मुक्तपणे परत नेण्याचा हक्क संपतो, आणि पुन्हा एनआरईत आणायचे तर तीच १० लाख डॉलरची मर्यादा आणि तीच कागदपत्रे लागतात. ही वाट उताराची आहे; उतरणे सोपे, चढणे कष्टाचे. माझे मत विचाराल तर परदेशी कमाई थेट एनआरईतच घ्यावी आणि इथल्या खर्चापुरतीच रक्कम गरजेनुसार एनआरओत काढावी.

कराचा फरकही मोठा आहे. एनआरई खात्याच्या व्याजावर, आपण फेमाखाली अनिवासी असेपर्यंत, भारतात प्राप्तिकर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर मुळातच कापला जातो आणि उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. निवासी असताना मुदत ठेवीवर ठरावीक मर्यादेनंतर १० टक्के कपात पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा बघून धक्काच बसतो. भारताचा ज्या देशाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तेथील करनिवासाचा दाखला बँकेला दिला तर ही कपात कराराच्या दरापर्यंत कमी करून घेता येते. नाहीतर विवरणपत्र भरून जादा कापलेली रक्कम परत मागावी लागते. 'एनआरईचे व्याज करमुक्त' हे वाक्यही अर्धेच आहे. ते भारतात करमुक्त आहे. अमेरिकेसारख्या देशात करासाठी निवासी ठरलेल्या माणसाला जगभरच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो, त्यामुळे इथले हे व्याज तिथे दाखवावेच लागते. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर 'एफबार' नावाचे वेगळे विवरण तेथील सरकारला द्यावे लागते. ही मर्यादा एका खात्याची नसून सगळ्या खात्यांची मिळून आहे, आणि त्यात मुदत ठेवीही येतात. अमेरिका आणि भारत यांच्यात २०१५ पासून खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण होत असल्यामुळे, कोणाला कळणार नाही या भरवशावर राहण्याचे दिवस गेले आहेत.

तिसरा प्रकार एफसीएनआर. ही एक ते पाच वर्षांची मुदत ठेव असून ती परकीय चलनातच राहते. रुपया घसरला तर एनआरईतल्या पैशाचे डॉलरमधले मूल्य कमी होते. एफसीएनआरमध्ये ती भीती नसते. पैसा पुढे परदेशातच लागणार असेल तर तिचा विचार करावा.

रूपांतराची प्रक्रिया ऐकायला सोपी आहे: अर्ज, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, पॅन, छायाचित्र, परदेशातील पत्त्याचा पुरावा. अडते ते शेवटच्या कागदावर, कारण निघण्यापूर्वी तिकडचा पत्ता हातात नसतो. अशा वेळी नियुक्तिपत्र किंवा विद्यापीठाचे प्रवेशपत्र चालेल का, हे शाखेत आधीच विचारून घ्यावे. परदेशातून अर्ज करायचा झाला तर प्रतींवर भारतीय दूतावासाचा किंवा नोटरीचा साक्षांकनाचा शिक्का लागतो आणि कागद टपालाने पाठवावे लागतात, म्हणून जेवढे इथे उरकता येईल तेवढे उरकावे.

मात्र ते उरकण्याचीही एक वेळ असते. खाते बदलले की बहुतेक ठिकाणी जुने डेबिट कार्ड आणि चेकबुक बंद होते, काही बँकांत खाते क्रमांकही बदलतो, आणि त्या क्रमांकाला बांधलेल्या सगळ्या स्वयंचलित सूचना तुटतात. माझ्या धाकट्या भावाच्या गृहकर्जाचा हप्ता ५ तारखेला जात असे आणि त्याचे खाते ३ तारखेला बदलले गेले. हप्ता परत गेला, दंड लागला, आणि तो तिकडे नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात असताना मला कर्ज देणाऱ्या बँकेच्या खेपा घालाव्या लागल्या. म्हणून अर्ज देण्यापूर्वी गेल्या १२ महिन्यांचे खातेउतारे काढून बसावे आणि आपोआप जाणारी प्रत्येक रक्कम पेनाने अधोरेखित करावी: कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडाची एसआयपी, वीजबिल, सोसायटीची वर्गणी. वर्षाचे उतारे यासाठी की विम्याचा वार्षिक हप्ता तीन महिन्यांच्या उताऱ्यात दिसत नाही. डिमॅट खाते आणि म्युच्युअल फंड यांच्याकडेही आपला बदललेला दर्जा स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो, बँकेला कळवले म्हणजे त्यांना कळले असे होत नाही. चालू असलेले पीपीएफ खाते मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवता येते, पण अनिवासी व्यक्तीला नवे उघडता येत नाही आणि जुन्याची मुदत वाढवताही येत नाही.

आईवडिलांबरोबरच्या संयुक्त खात्यांविषयी वेगळे बोलायला हवे, कारण घरोघरी ती असतात. आपले एनआरओ किंवा एनआरई खाते निवासी जवळच्या नातेवाइकाबरोबर संयुक्तपणे ठेवता येते, पण 'पहिला किंवा हयात असलेला' या पद्धतीने. म्हणजे पहिला खातेदार असेपर्यंत दुसऱ्याला ते स्वतःच्या हक्काने चालवता येत नाही. वडिलांनी इथली बिले भरावीत, दुरुस्तीचे पैसे द्यावेत असे वाटत असेल, तर त्यांना खाते चालवण्याचे अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र द्यावे. त्या अधिकारात स्थानिक खर्च करता येतो, पण आपल्या वतीने कोणाला पैसे भेट देता येत नाहीत. याउलट, खाते मुळात आईचे आणि निवासी असून आपले नाव त्यात केवळ जोडलेले असेल, तर काही अटींवर ते तसेच ठेवता येते. त्यात आपली कमाई टाकून ते आपलेच खाते असल्यासारखे वापरणे मात्र टाळावे.

आता मोबाइल नंबर. माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतकी महत्त्वाची आणि याच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या माझ्या भाच्याचा अनुभव सांगतो. तिकडे जाऊन चार महिने झाले होते. रात्री तो फी भरण्यासाठी लॅपटॉप उघडून बसला, पासवर्ड बरोबर दिला आणि पडद्यावर तीन मिनिटांचे घड्याळ उलटे चालू लागले: 'आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.' तो क्रमांक इथल्या कपाटातल्या जुन्या फोनमध्ये होता, रिचार्ज न केल्यामुळे बंद झालेला. बँकेला नंबर बदलायला सांगावे तर त्यासाठीही जुन्या नंबरावर ओटीपी. शेवटी दूतावासातून साक्षांकित करून घेतलेला अर्ज टपालाने आला, आणि पैसे हाताशी यायला दीड महिना लागला. फी तोवर त्याच्या वडिलांनी भरली.

प्रीपेड नंबराचा सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग आपल्या खात्याचे संदेश एका अनोळखी माणसाच्या हातात पडतात. तेव्हा तीन कामे करावीत. नंबर सर्वांत स्वस्त अशा दीर्घ मुदतीच्या योजनेवर टाकावा आणि रिचार्जची तारीख घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्यावे. आणि तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक छोटा व्यवहार करून ओटीपी येतो का ते पाहावे. सिमकार्ड मात्र आईवडिलांच्या फोनमध्ये घालून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. रात्री-अपरात्री त्यांना उठवून ओटीपी विचारायचा, आणि वर त्यांना फोनवर ओटीपी सांगण्याची सवय लावायची, ही सवयच भामट्यांच्या पथ्यावर पडते. अनिवासी खात्यांना बऱ्याच बँका परदेशी क्रमांक जोडू देतात. यूपीआयच्या बाबतीतही जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसह १० देशांतल्या क्रमांकांवरून एनआरई आणि एनआरओ खाती चालवण्याची मुभा देण्यात आली. तेव्हा तिकडचा क्रमांक पक्का झाला की तो बँकेत नोंदवावा. आधार आणि प्राप्तिकराचे पोर्टल जुन्या नंबराला जोडलेले असल्यामुळे तरीही तो जिवंत ठेवावा.

कार्डांबाबत पहिली गोष्ट अशी की २०२० मध्ये लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या वापरासाठी चालू असते. परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय आपण स्वतः अॅपमधून सुरू करायची असते. विमानतळावर उतरून कार्ड नाकारले गेले की लोक बँकेला दोष देतात, पण बहुतेकदा ते बटण बंदच असते. ते निघण्यापूर्वी सुरू करावे आणि मर्यादा जरुरीपुरतीच ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांसाठी प्रीपेड फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, घ्यावे, कारण त्याचा दर ते चलन भरतानाच ठरतो. साध्या कार्डावर प्रत्येक परकीय व्यवहाराला साधारण २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. परकीय नोटा बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात आणि भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत. कार्डे किमान दोन असावीत आणि ती एका पाकिटात ठेवू नयेत.

परदेशातल्या एटीएमसमोर उभे राहिलो की एक प्रश्न येतो, तो नीट वाचावा. रक्कम टाकल्यावर यंत्र विचारते, रुपयांत आकारू की स्थानिक चलनात? रुपयांचा आकडा ठळक अक्षरांत, ओळखीच्या चिन्हासह समोर दिसतो, आणि अनोळखी जागी हात आपोआप तिकडे जातो. पण तो दर यंत्राच्या मालकाने ठरवलेला असतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हेच.

खाते अनिवासी झाल्यावर मिळणाऱ्या कार्डांतही फरक आहे: एनआरईचे कार्ड परदेशात चालते, एनआरओचे बहुतेक बँकांत फक्त भारतात. जुने क्रेडिट कार्ड ठेवायचे असेल तर त्याचे बिल एनआरओतून आपोआप भरले जाईल अशी सूचना द्यावी. विसरलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क थकते, त्यावर व्याज चढते, आणि वर्षानुवर्षे जपलेला क्रेडिट स्कोअर काहीशे रुपयांसाठी खाली येतो. हा स्कोअर तसाही आपल्याबरोबर येत नाही. नव्या देशात पतइतिहास शून्यापासून सुरू होतो, म्हणून तेथे अनामत ठेवून मिळणारे छोट्या मर्यादेचे कार्ड लवकर घ्यावे आणि दरमहा पूर्ण बिल भरावे.

नव्या देशात खाते उघडताना बहुतेकांना एक चक्र भेदावे लागते: खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्यासाठी घर हवे, आणि घरमालकाला भाडे घेण्यासाठी स्थानिक खाते हवे. कंपनी किंवा विद्यापीठाचे पत्र येथे सर्वाधिक उपयोगी पडते, तेव्हा त्यावर राहण्याचा पत्ता घालून मागावा. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तर बहुधा व्हिसासाठीच 'ब्लॉक्ड अकाउंट', म्हणजे रक्कम आधी भरून दरमहा ठरावीकच काढता येणारे खाते, उघडावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. पहिल्या महिन्याची अनामत आणि भाडे त्यातून भागत नाही, म्हणून त्याची तजवीज वेगळी करावी.

तिकडून पैसे पाठवताना 'शून्य शुल्क' या जाहिरातीपेक्षा एकच आकडा पाहावा: इतक्या डॉलरचे शेवटी एनआरई खात्यात किती रुपये पडणार? शुल्क नसले तरी विनिमय दरात कमाई दडलेली असते, आणि बँकेमार्फत पाठवताना मधली बँकही आपला वाटा कापून घेते. मुलाकडे इथून पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येकी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. ती निवासी व्यक्तीसाठी असल्याने आपण अनिवासी झालो की आपल्याला लागू राहत नाही.

इथे मागे राहणाऱ्या खात्यांची संख्या कमी करावी. दोन वर्षे खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ती मागून परत मिळते, पण शोधाशोध पदरी येते. एक एनआरओ आणि एक एनआरई पुरते. ठेवी मोठ्या असतील तर दोन बँका कराव्यात, कारण ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. नॉमिनी प्रत्येक खात्याला नोंदवावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनींपर्यंत नावे देता येतात.

परत येणाऱ्यांना हेच सगळे उलट्या दिशेने करावे लागते. कायमचे राहण्यासाठी भारतात आल्यावर एनआरओ आणि एनआरई खाती पुन्हा निवासी करून घ्यायची असतात, आणि एनआरईच्या व्याजाची करमाफी त्या परतण्याबरोबरच संपते. एफसीएनआर ठेव मात्र ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, आणि नंतर ती रक्कम आरएफसी, म्हणजे निवासींसाठीच्या परकीय चलन खात्यात, परकीय चलनातच ठेवण्याची सोय आहे. एक-दोन वर्षांत परतण्याचा विचार असेल, तर हातातली रक्कम एनआरईत ठेवायची की एफसीएनआरमध्ये, हे परतीचे तिकीट काढण्याआधीच ठरवावे, कारण एफसीएनआर ठेव अनिवासी असतानाच ठेवता येते.